चावलेला घास

माझी दाढ किडली तवा पोर पोटात होती. काढून टाकते म्हटलं तर सासू बोलली, "पोटुशीची दाढ काढत नाय गो, डोळं जातान. मशेरी दाब." दाबली. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, भरली का ठणका थांबायचा. पोर झाली, आठ म्हैन्यांची झाली, दाढ तशीच. त्याच दाढेखाली भात न् सुकी मांदेली मऊ करून मी तिला घास द्यायची. आमच्यात असाच देतात. माझा जबडा हलताना बघून तिचाबी हलायचा.

मग मला ताप धरला. उतरायचा, परत चढायचा. मिठागरात कामाला जायची, तिथं मिठाची टोपली डोक्यावर घेतली का धाप लागायची, बांधावरच बसायची. नवरा पनवेलला डाक्तरकडं घेऊन गेला. डाक्तरनी छाती तपासली, नखं बघितली न् म्हणाले, "बाई, तोंड उघडा." मला रागच आला. दुखतंय छातीत न् बघतात तोंडात!

"लहानपणी सांधे सुजले होते?"

"होते."

"तेव्हाच हृदयाची झडप अधू झाली. आता दाढेतले जंतू रक्तातून जाऊन तिच्यावर बसलेत."

झडप म्हटल्यावर मला मिठागराची उघाडी दिसली, खाडीचं पाणी आत घेतो ते लाकडी दार. फळी कुजली का दार मिटलं तरी पाणी गळतंच. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण तेवढं समजलं. तरी तोंडातून पयलं हेच निघालं, "डाक्तर, मी पोरीला घास चावून देते हो. तिच्या छातीत गेले असतील?"

"छातीत नाही गेले. पण दात येतील त्यांच्यावर बसतील. आजपासून बंद."

दीड म्हैना दवाखान्यात होते. पेनिसिलिनच्या सुया, दाढबी तिथंच काढली. ताप गेला. झडप काय नीट व्हायची नाय, बोलले.

घरी आले तर पोर सासूच्या मांडीवर, सासूच्या मशेरीच्या तोंडातला घास खात होती.

"आत्या, चावून नका देऊ. डाक्तर बोललेत, जंतू असतान."

"तुझ्या दादल्याला असाच वाढवला मी. घोडा झालाय! तुझा डाक्तर काय चिमण्यांसारका दाणं टिपून मोठा झाला?"

नवरा हसला. मीबी हसले, न् धाप लागली.

मी भात हातानं कुस्करून दिला. पोरीनं थुंकला. माझ्या तोंडात बोट घालून खेचायला लागली, दाढ नाय तिथंच. मी ओठ मिटून घेतले. रडली, मग रांगत सासूकडं गेली. उठून तिला धरायला माझ्यात दम नव्हता.

आता ती सव्वा वर्षाची हाय. काल तोंड धुताना तिच्या पुढल्या दातावर काळा ठिपका दिसला. सासूची मशेरी लागली असेल म्हणून पदरानं पुसला. परत पुसला, जोरानं, ती रडायला लागली तरी.

मशेरी असती तर गेली असती.