टांगलेली अक्षरं

एवढ्या मोठ्या डिझायनरबद्दल मी लिहावं हा आगाऊपणाच आहे, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इथे अमेरिकेत कॉम्प्युटर शिकताना त्यांच्या वर्गात जेमतेम एक सेमिस्टर बसलो.

सरांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केली होती. पुढे त्यांची अक्षरं अर्ध्या अमेरिकेच्या दुधाच्या खोक्यांवर आणि विमानतळांवर गेली. पहिल्या दिवशी त्यांनी रेघ आखून एबीसीडी काढायला सांगितली. मी मराठी शाळेतला. घाबरून सगळी अक्षरं रेघेखाली काढली, शिरोरेघेला लटकल्यासारखी. वर्ग हसला. सरांनी मात्र माझा कागद ठेवून घेतला.

"पन्नास वर्षं मी अक्षरं रेघेवर उभी करतोय," ते म्हणाले, "टांगायचं कधी सुचलं नाही. माझ्या स्टुडिओत शिकायला ये."

माझ्या व्हिसाच्या कागदांवर खर्चाची हमी म्हणून इथेच वेस्ट विंडसरला राहणाऱ्या काकांची सही होती. ते म्हणाले, "अरे, पाट्याच रंगवायच्या होत्या तर गावात भिंती कमी होत्या का? कागदावर कॉम्प्युटर लिहिलंय ना?"

"हो काका," मी म्हणालो. त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहत होतो. सरांना नाही म्हणायलाही गेलो नाही. दोन वर्षं लॅबमध्ये प्रोग्रॅम लिहिताना वहीच्या कडेला रेघेखाली अक्षरं काढायचो आणि खोडून टाकायचो.

परवा त्या वर्गातली एक मुलगी लायब्ररीत भेटली. सर हिवाळ्यातच गेले, म्हणाली. शेवटपर्यंत ते प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी एक रेघ आखून द्यायचे आणि सांगायचे, अक्षरं हिच्याखाली टांगा.