रिकामं चाक

“चावी कशाला पाहिजे?”

साहेब रोज हेच विचारायचे. संडासाची चावी माणूस कशाला मागतो? पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं असायचं. तेही मोठ्यानं. मी हळू बोलले की ते कानामागं हात लावायचे. “ऐकू नाही आलं.” मग शेडातले सगळे गडी माझ्याकडं बघायचे. पाळीच्या दिवसात मी दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, “परत? वस्तीवर उघड्यावर बसता, तिथं कोणाकडं चावी मागता?”

दोघं-तिघं हसले. आमच्या घरी संडास आहे, पक्का बांधलेला. हे सांगायचंही सुचलं नाही मला. मान खाली घालून उभी राहिले.

नागापूरच्या एमआयडीसीतलं लहानसं वर्कशॉप. मी आणि सुशीलामावशी, दोघीच बायका. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा आणि दिवसभर लोखंडाचे सुटे भाग पुसून खोक्यात भरायचे. साहेब म्हणजे मालकांचे पुतणे. संडास एकच, चावी त्यांच्या टेबलाच्या खणात. मावशी कामावर पाण्याचा घोटही घ्यायची नाही. मला म्हणाली, “तू बी नको पिऊ. सवय हुती.” सवय काही झाली नाही, लघवीला जळजळ मात्र सुरू झाली. सोडून जावं तर नवऱ्याचं काम सुटलेलं. आणि शेजारच्या शेडात तरी काय वेगळं असणार होतं? आतल्या आत कोंडून गेले होते मी. आई दर रविवारी चर्चला नेऊन सांगायची, विश्वास ठेव. कोणावर ठेवू बाई? मला तर देवाचाच राग यायचा.

त्यात शेडातल्या म्हाताऱ्या युसुफमामांचा ग्राइंडर, लोखंड घासायचं चाक. साहेबांच्या टेबलाच्या अगदी जवळ. मी चावी मागायला गेले की नेमका सुरू व्हायचा. जुनं मशीन, नुसतं फिरलं तरी शेड दणाणायचं. साहेबांचं मला कळायचं नाही, माझं त्यांना. शेवटी वैतागून ते चावी भिरकावायचे. मला वाटायचं, हा म्हातारा मुद्दाम डोकं उठवतोय. मनातल्या मनात लई शिव्या घातल्या मी त्यांना.

एकदा चावी उचलून वळले आणि चाकाकडं नजर गेली. मामांच्या हातात काहीच नव्हतं. चाक रिकामंच फिरत होतं. मी दारापर्यंत पोचले आणि त्यांनी ते बंद केलं.

आत जाऊन मी रडले. कोण कुठले मामा. आमचं कधी धड बोलणंही नाही. माझी लाज झाकायला हा माणूस रोज मशीन लावत होता. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी प्यायला लागले. मामा आहेत, एवढ्या विश्वासावर.

आज दुपारी लाईट गेली. शेड एकदम गप्प. मला तर जायलाच हवं होतं. टेबलाशी गेले. साहेब खुर्चीत रेलले.

“आज नीट ऐकू येईल. बोल, कशाला पाहिजे?”

सवयीनं मी मामांकडं पाहिलं. मामा मशीनचं बटण दाबत होते. लाईट नाही हे त्यांनाही माहीत होतं. तरी दाबत होते, परत परत.

मला लई राग आला. या वयात त्या माणसानं माझ्यापायी असं करायचं? आणि लाज कोणाची? माझी?

“मुतायला जायचंय,” मी म्हणाले. पार शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. “रोजच जावं लागतं. पाळी असली की जास्त वेळा. तुमच्या घरच्या बायका तुम्हाला विचारून जातात का?”

कोणी हसलं नाही. साहेब ताडकन उठले. “उद्यापासून यायचं नाही.”

तेवढ्यात लाईट आली. मामांचं चाक फिरायला लागलं.

“मामा, बंद करा ते. ऐकू द्या सगळ्यांना.”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग बंद केलं. मी खण उघडला, चावी घेतली, जाऊन आले. आल्यावर चावी टेबलावर ठेवली नाही, मावशीच्या हातात दिली. “काढत्याल गं आपल्याला,” मावशी पुटपुटली. पण चावी तिनं मुठीत धरली.

काढतीलही. तरी उद्या मी जाणार आहे. शटर उघडलं की आत, माझ्या जागेवर. मला हाकलायचं असेल तर कशासाठी हाकलता, ते साहेबांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मोठ्यानं. मामांचं मशीन बंद असताना.