गाढवाकडे गेलेली शेपटी

साल २०१९. कोल्हापूरच्या 'उडाणटप्पू' या चित्रकथांच्या मासिकानं त्या वर्षी पन्नाशी गाठली.

दुपारचं जेवण उरकून, पहिल्या अंकापासून मासिकाची अक्षरं लिहिणाऱ्या प्रमिलाबाई निगवेकर आरामखुर्चीत टेकल्या आहेत. मांडीवर विशेषांकाची कच्ची छपाई. डोळे मिटताहेत, पण कपाळावरची आठी काही सुटत नाही. सकाळीच तरुण संपादक ऋत्विजशी वाजलंय. पहिल्या अंकातली कथा पुन्हा छापताना त्यानं संगणकावर संवादाचा एक फुगा 'दुरुस्त' केला.

त्या फुग्यातली अक्षरं बाईंच्याच हातची: "लायसन कुठाय?" विचारायचं होतं हवालदारानं, गाढववाल्याला. पण छपाईचं यंत्र खोळंबलेलं. चित्रकार हुपरीकर मास्तरांनी भडंग खात खात फुग्याची शेपटी, म्हणजे बोलणाऱ्याकडे वळणारं टोक, ओढली ती थेट गाढवाच्या तोंडाकडे. गाढवच हवालदाराकडे लायसन मागू लागलं! गावभर हशा झाला, गाढवाचं गुणाजीराव नाव पडलं. टीव्ही आला, मोबाइल आला, बाकीची मासिकं मिटली. हे एवढं गुणाजीरावाच्या पाठीवर बसून पन्नाशीला आलं.

"आजी, शेपटी गाढवाकडे ठेवली तर लोकांना छपाईची चूक वाटेल," ऋत्विज फोनवर म्हणाला होता.

"अरे, चूकच आहे ती! तिच्यावरच तर जगलोय आपण."

"संध्याकाळी अंक छापायला जातोय. आता नको ना."

"काय वो बाई, तोंड का असं कारलं खाल्ल्यागत?"

बाईंचा डोळा लागलाय. समोर हुपरीकर मास्तर. जाऊन कैक वर्षं झाली, पण खिशावरचा शाईचा डाग तोच. खुर्ची आता छापखान्यात आहे. फरशांच्या चौकटी झाल्यात. मास्तर पाय उचलून एकीतून दुसरीत जातात, मागोमाग बाई. एकीत मंडई. पुढचीत तालमीचा लाल मातीचा हौद, त्यात गुणाजीराव लोळतोय. तोंड उघडतो, आवाज निघत नाही. फुग्याची शेपटी काठावरच्या हवालदाराकडे वळलेली.

"बघा, मुकं केलं त्याला!"

"ऱ्हाऊ द्या की. मेलेल्याची चूक कशाला जपताय?"

"तुमची एकट्याची होय? अक्षरं माझी. तुम्ही नुसती शेपटी ओढलीत."

"नुसती? काढून दावा बघू!"

"मला नाही येत. जन्मात काढली नाही."

"मग पोराला काय सांगितलं?"

"सगळं. फोनवर. ऐकतोय कुठं?"

"फोनवर गाढव दिसतंय व्हय, बाई?" मास्तर कपाळाला हात लावतात. "हात करा हिकडं."

भडंगाचा लसणाचा वास येतो. बोटांवर गार बोटं टेकतात.

बाई डोळे उघडतात. मांडीवरच्या कागदावर ओली काळी शेपटी, गाढवाच्या तोंडाशी पोचलेली. टोकाला किंचित मुरड, मास्तरांच्या हाताची. बाईंच्या बोटाला शाई.

त्या फोन करत नाहीत. कागद घेऊन, पायात चपला सरकवून रिक्षा थांबवतात.

कागद पाहून ऋत्विज आधी चिडला, मग फसकन हसला. अंक गाढवाच्याच तोंडून बोलला. ऋत्विज पुढं पुण्याला गेला. जाताना तो कागद काच लावून कार्यालयात टांगून गेला. मासिक आता दोन महिन्यांतून एकदा निघतं, पण निघतं. प्रमिलाबाई अजून शेपटी काढून बघतात. कागदामागून कागद वाया जातात, अन् मेली दर वेळी हवालदाराकडेच वळते.