दहापैकी चार

माझी आत्या तरणतलावावर नोकरीला लागली ती बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत झाडू मारायला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ते लोकांपासून लपवलं होतं.

तेव्हा बायकांना तलाव मिळायचा दुपारी दोन ते तीन. म्हणजे पुरुष जेवून आडवे झालेले असायचे तेव्हा. शिकवायला कोणी नाही. बायका उथळ बाजूला कठडा घट्ट धरून तासभर उभ्या राहायच्या, सासवांच्या चुगल्या करायच्या आणि ओल्या होऊन घरी जायच्या. आत्याने सहा महिने हे बघितलं. लहानपणी भावांच्या मागे लागून ती खाणीतल्या पाण्यात पोहायला शिकली होती. एक दिवस झाडू भिंतीला टेकवून ती अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली.

“बायांनो, गप्पाच मारायच्या तर घरी मोरीत उभ्या राहून मारा की! सोडा तो कठडा!”

आमच्या शहरात बायकांना पोहायला शिकवणारी पहिली बाई ती. पगार मात्र झाडूचाच.

तिने अकरा वर्षं शिकवलं. पुस्तकी शब्द तिला येत नव्हते, म्हणून तिने स्वतःचे बनवले. त्यातला एक ‘खिसा’. पोहताना डोकं पाणी कापत पुढे गेलं की तोंडाशेजारी एक खळगा पडतो. मान वर काढायची नाही, नुसती कुशीला वळवायची, की त्या खळग्यात हवा मिळते. मान वर काढली की पाय बुडालेच म्हणून समजा. “जिराफासारखी मान काय काढतेस गं? खिशातून घे, खिशातून!” ती काठावरून ओरडायची. जे समजायला मला पुढे अभ्यासक्रमात आठवडा लागला, ते धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ती एका दुपारी शिकवायची. मीही तिथेच शिकले. माझी सगळी पदकं त्या खिशातली.

मग मी चार बुकं शिकले, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र घेतलं, आणि शहाणी झाले मेली.

त्याच सुमारास नियम निघाला, की प्रमाणपत्राशिवाय कोणी शिकवायचं नाही. आत्या परीक्षेला बसली. नापास झाली तर बायकांचा तास बंद, हे तलावाच्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलं होतं. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण, पास व्हायला अठरा. तिसरी परीक्षक मी. ती माझी आत्या आहे हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. झाडूवाली आत्या! लाज वाटायची.

मी नातं लपवतेय हे तिला मात्र न सांगता कळलं. आत आली आणि मला म्हणाली, “नमस्कार मॅडम, बसू का?” जिने माझं नाक पुसलं, ती मला अहो-जाहो करत होती.

थोरल्या परीक्षकाने विचारलं, “श्वास नेमका कुठून घ्यायचा?”

“खिशातून, साहेब.”

दोघे हसले. धाकटा म्हणाला, “कोणत्या? शर्टाच्या की पँटच्या?”

आणि मीही दात काढले. जनाची नाही तर मनाची तरी असावी की नाही? मला नुसतं म्हणायचं होतं, ‘साहेब, उत्तर बरोबर आहे, शब्द तेवढा तिचा आहे.’ एवढंच! ते जड झालं मला. आत्या माझ्याकडे न बघता पदराने कपाळ पुसत राहिली.

मग गुण मांडले. हसणाऱ्या त्या दोघांनी प्रत्येकी सहा दिले. मी दिले चार. का? तर उद्या नातं उघड झालंच, तर सवलत दिली असं कोणी म्हणू नये. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात ती हीच. मी सहा दिले असते तर ती पास होती.

निकालाच्या कागदावर फक्त ‘अनुत्तीर्ण’ होतं. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तू किती दिलेस गं?”

“नऊ,” मी म्हटलं.

तिने ताट खाली ठेवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. “मग त्या दोघा मेल्यांनी काय भोपळे दिले की काय! जाऊ दे. तू दिलेस ना.”

पुढची एकवीस वर्षं ती दारात येईल त्याला सांगायची, “माझ्या भाचीने नऊ दिले हो मला!” मी शेजारी बसून चहा प्यायचे.

गेल्या महिन्यात ती गेली. शोकसभेला तिच्या जुन्या विद्यार्थिनी जमल्या. सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, “त्यांच्या बाजूने एकट्या उभ्या राहिलेल्या त्यांच्या भाचीने दोन शब्द बोलावेत.” मी उठले. म्हटलं, “मी नऊ दिले नव्हते. चार दिले होते. तिला मी नापास केलं.”

पुढच्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती, साठीची. ती रागावली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, “तास बंद झाला ना, त्याच्या आदल्याच दिवशी मी कठडा सोडला होता हो.”

मी खाली बसले.