पुलगावचा ठिपका

भाऊजींना कुणीही विचारलं, "कहाँ के हो?" की ते पुलगाव म्हणायचे. भाजीवाल्याला तेच, रिक्षावाल्याला तेच. जयपुरात, जगतपुऱ्यात राहून आमचे केस पांढरे झाले, पण त्यांच्या तोंडून जयपूर कधी निघालं नाही. शेवटच्या आजारात डॉक्टरने विचारलं तेव्हाही पुलगावच. इलाजासाठी एवढ्या लांब आलात, असं तो बिचारा म्हणाला. मी त्याला सांगितलं, मागच्या गल्लीतून आलोय.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. ते आणि माझा नवरा, दोघंही रेल्वेत. बदलीने जयपूरला आलो आणि राहून गेलो. नवरा गेल्यावर घरात मी, माझा मुलगा आणि भाऊजी. माणूस तापट. चहा गार असला तर बोलायचे नाहीत, कप नुसता माझ्यापुढे सरकवायचे. मी तो तसाच परत सरकवायची.

निवृत्त झाल्यावर त्यांना जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा नाद लागला. लोकांनी भंगारात काढलेले आणायचे, बाल्कनीत उघडून बसायचे, रंगाच्या ब्रशने धूळ झाडायचे. "वहिनी, बॅटरी धरा." मी उजेड धरून बसायची. आत काय आहे ते मला कळत नव्हतं, मी चौथी शिकलेली. हात हलला की ओरडायचे. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "दाखवलं तर कळेल असं कुणी इथे पाहिजे होतं."

असे लोक होते, पण मोबाईलमध्ये. कॉम्प्युटरच्या अडचणी मराठीतून सोडवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. तिथे कुणी घरचं बोलत नसे, कामाचंच. भाऊजींचा सगळ्यात जास्त वाद साताऱ्याच्या एका निवृत्त फौजीशी. फौजी म्हणायचा, पार्ट बदला. भाऊजी म्हणायचे, आधी साफ करा. जेवताना सगळा वाद मला ऐकावा लागायचा. ज्या दिवशी फौजी काही लिहीत नसे, त्या दिवशी भाऊजी अर्धी पोळी टाकून उठायचे.

ग्रुप चालवणारी बाई दर दिवाळीला एक नकाशा टाकायची. ज्याने जे गाव लिहिलं असेल तिथे एक ठिपका. पुण्यावर गुळाला मुंग्या लागाव्यात तसे ठिपके. नागपुरावर बरेच, अमेरिकेत बरेच, दुबईत थोडे. भाऊजी चष्मा वर करून राजस्थान बघायचे.

"अख्ख्या राजस्थानात कुणी नाही, वहिनी."

"तुमचा ठिपका कुठंय?"

त्यांनी पुलगाववर बोट ठेवलं.

मी म्हटलं, तुम्ही इथे बसलाय आणि ठिपका तिकडे. दुसऱ्याला तुम्ही दिसणार कसे?

"माणसाला कुठला विचारलं तर तो गाव सांगतो. क्वार्टर सांगत नाही."

मग सरळ ग्रुपवर विचारा, जयपुरात कुणी आहे का, असं मी एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं. त्यांना लाज वाटायची. म्हाताऱ्याला करमत नाही म्हणतील, म्हणायचे. करमत नव्हतंच.

पुढच्या दिवाळीचा नकाशा त्यांनी इस्पितळाच्या खाटेवर बघितला. राजस्थान कोरंच होतं. मोबाईल उशाखाली सरकवून ते भिंतीकडे वळले. त्याच आठवड्यात गेले.

मुलाने ग्रुपवर कळवलं, घरचा पत्ताही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून एक म्हातारा आला. ताठ, मिशा कातरलेल्या. दारातच उभा राहिला. म्हणाला, मी साताऱ्याचा.

मी म्हटलं, इतक्या लवकर साताऱ्याहून?

"इथेच, जयपुरात सोडाल्यात राहतो, ताई. फौजेतून निवृत्त झालो तेव्हापासून. मतलब, गाव सातारा, म्हणून सातारा लिहिलं." मग हेल्मेट काढून हातात धरलं. "मला वाटायचं, ते तिकडे पुलगावला आहेत. मीही दरवर्षी नकाशात इथे कुणी आहे का बघायचो."

सोडाल्याहून आमचं घर स्कूटरवर किती लांब? भाजी निवडून होते तेवढ्यात माणूस येतो.

बाल्कनीत भाऊजींचा शेवटचा कॉम्प्युटर उघडाच पडला होता. फौजी चप्पल काढून तिथे खाली बसले. पार्ट बदला म्हणाले नाहीत. ब्रश उचलला आणि हळूहळू धूळ झाडू लागले. मी बॅटरी आणली आणि धरली. माझा हात हलत होता. ते ओरडले नाहीत.

भाऊजींच्या अस्थी मुलाने पुलगावला, वर्धा नदीत सोडल्या. ग्रुपच्या बाईंना मी कळवायला लावलं, त्यांचा ठिपका काढू नका. आता तो खोटा नाही.

या दिवाळीचा नकाशा फौजींनी घरी येऊन दाखवला. त्यांनी सातारा खोडून जयपूर लिहिलंय. राजस्थानात आता एक ठिपका आहे. भाऊजी दरवर्षी चष्मा वर करून तोच शोधत होते.