ताईला हसवायचं कुणी?

आमच्या घरात ताईला हसवायला बंदी होती. कुणी तसं लिहून लावलं नव्हतं, पण एकतीस वर्षं ती पाळली गेली. जेवताना कुणाच्या तोंडून काही गमतीचं निघालंच, तर ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, असे बघायचे की पुढचं वाक्य घशातच अडकायचं. नव्या माणसाला वाटायचं, आदल्याच दिवशी इथं कुणीतरी गेलं असावं.

कारण साधं होतं. ताई हसली की पडायची.

खरोखर पडायची. आधी जबडा सैल, मग मान, मग गुडघे, आणि कुणी धरायच्या आत ताई जमिनीवर. शुद्ध जायची नाही. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं, फक्त बोटसुद्धा हलवता यायचं नाही. अर्ध्या-एक मिनिटानं उठायची आणि विचारायची, "माझी कात्री कुठंय?" रडताना कधी पडली नाही. हसतानाच, तेही मनापासून हसताना. पाहुण्यांसाठी हसायचं हसू मात्र तिला छान झेपायचं.

ताई शिवणकाम करते. मोठ्या लाँड्रीच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथं तिचं मशीन, कपड्यांच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या अडकवायचा खिळा आणि दुपारभर वाफ सोडणारा एक पाइप. कुणाची कंबर वाढलेली, कुणाची उंची तेवढीच पण पँट लांब, सगळं तिच्याकडे येतं. तिचा हात इतका बसलेला आहे की झोपेतही टीप वाकडी जात नाही. हे मी कौतुकानं म्हणत नाही, तसं घडलंय. ताई काम करता करता झोपायची आणि पाय मशीन चालवतच राहायचे. एकदा एका साहेबांच्या पँटचे दोन्ही खिसे तिनं झोपेत शिवून टाकले. साहेब तणतणत आले. लाँड्रीवाल्या बाईंनी पँट उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "शिवण मात्र बघा किती सरळ आहे." त्या बाई होत्या म्हणून ताईची नोकरी टिकली. अकराला आणि तीनला दहा-दहा मिनिटं ताई इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकायची, आणि बाई तेवढा वेळ दार लावून घ्यायच्या.

आम्ही घरचे एवढे शहाणे नव्हतो. आम्ही तिला आळशी म्हणालो, नाटकी म्हणालो, रक्तवाढीची औषधं पाजली. मी तर तिला कुंभकर्णाची बहीण म्हणायचे. मग मी त्याची कोण लागते, हे माझ्या लक्षातच यायचं नाही. ती चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर एका डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं. बसल्या जागी झोप यायची ते नार्कोलेप्सी. आणि हसून पडायचं ते कॅटाप्लेक्सी. त्या दिवशी मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी ताईची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं, तू ओरडायचीस तेव्हाच तर मी जागी राहायचे."

पण बंदीची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. ताईची लेक, माझी भाची, तेव्हा आठ महिन्यांची होती. भावजी त्या काळी घरातले सगळ्यात गमतीशीर गृहस्थ. माणूस दारातून आत यायचा अवकाश, तो परत जायच्या आत त्याची नक्कल तयार. ते कसलीशी नक्कल करत होते, ताई भाचीला घेऊन उभी होती, हसली आणि कोसळली. भाचीची हनुवटी उंबऱ्यावर आपटली. तीन टाके पडले. त्यानंतर ताईनं उभ्यानं लेकीला कधी उचललं नाही. भिंतीला टेकून, मांडीवर घेऊन पाजलं, भरवलं, गोष्टी सांगितल्या. पण कडेवर घेऊन फिरवलं ते मी आणि भावजींनी. आणि भावजींनी नकला बंद केल्या.

आता भाचीला नुकताच सातवा महिना लागला होता. समोरच्याच इमारतीत राहते ती. लाँड्रीतली धुवून आलेली उशी दोन्ही हातांवर आडवी धरून उभ्या असलेल्या ताईला मी एकदा पाहिलं. मला बघून तिनं उशी झटकायचं सोंग केलं.

त्याच सुमाराला ताईच्या झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. वयानं भाचीपेक्षा लहान, पायात पळायचे बूट. म्हणाल्या, एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे. मग कागदावर मेंदू काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी थोड्याशा पेशी असतात, त्या ओरेक्सिन नावाचं रसायन बनवतात. आपली जाग टिकवून धरायचं काम त्याचं. ताईच्या मेंदूतल्या या पेशी जवळजवळ सगळ्या गेल्या आहेत. बहुधा शरीरानंच चुकून आपल्या पेशी मारल्या असाव्यात, असं संशोधकांना वाटतं. स्वप्न बघताना आपण उठून पळू नये म्हणून मेंदू स्नायू सैल सोडतो. ताईच्या बाबतीत ते सैल सोडणं भलत्या वेळी होतं, जागेपणी, हसण्याच्या भरात.

ताईनं चित्राकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे शिवण नीट आहे," ती म्हणाली, "पण दोऱ्याला शेवटी गाठ मारलेली नाही. ओढ बसली की सगळी सुटते."

डॉक्टरीणबाईंनी हे वहीत लिहून घेतलं. "आणि ही गोळी गाठीचं काम करते का, ते आम्हाला बघायचंय."

ताईनं एकच विचारलं, "उभ्यानं बाळ घेता येईल?"

"सांगू शकत नाही. पण तेच तर तपासायचंय ना."

अट एक होती. आधी चौदा दिवस पडण्याची नोंद ठेवायची. कधी, कितीदा, कशामुळे. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन नेहमीसारखे जपून वागलो. ताई आजारी असल्यासारखे सगळे हळू बोललो. चौदा दिवसांत एकदा पडली, तेही लाँड्रीत. मला वाटलं, आपण पेपर उत्तम सोडवलाय.

डॉक्टरीणबाई वही चाळून म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, पण एवढ्या कमी झटक्यांवर चाचणीत घेता येत नाही. मुळात पडतच नसाल, तर गोळीनं पडणं थांबलं हे कळणार कसं?" मग त्यांनी विचारलं, "घरी हसत नाही का कुणी?"

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. पण त्या दिवशी मी पर्स उघडून उगाच रिक्षाचे सुटे पैसे मोजले. त्यांनी आणखी एकदा चौदा दिवस दिले. त्यानंतर नावं घेणं बंद होणार होतं.

घरी आल्यावर भावजी म्हणाले, "पाच-सहा लिहून टाकू. कोण बघतंय?"

"माप खोटं घेतलं तर कपडा अंगाला बसेल का?" ताई म्हणाली. विषय संपला.

मग आम्ही हसवायला बसलो. घरातल्या झाडून सगळ्या गाद्या बैठकीच्या खोलीत एकावर एक अंथरल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्या. मी विनोद पाठ करून आले. माझा विनोद संपला की ताई म्हणायची, "छान होता गं," आणि ताठ बसून राहायची. मला असा राग यायचा! भाचीनं मोबाइलवर घसरणारी मांजरं दाखवली. ताईला मांजरांची दया आली. पाच दिवस गेले, वहीत भोपळा. भावजी बाल्कनीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेले, तेच वर्तमानपत्र, सकाळपासून.

सहाव्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. "सगळं मीच करायचं? तुम्हाला हसवता येतं, साऱ्या जगाला माहितीय. मग तोंडाला कुलूप का?"

भावजी आत आले, गाद्यांच्या ढिगावर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्यानं नाही होणार. एकदा हसवलं होतं मी तिला. पोरीचं डोकं फुटायचं वाचलं."

भाची उभी होती, पोटावर हात ठेवून. "बाबा, ते टाके मला आठवतसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "मला आठवतं ते एवढंच, की दुसऱ्यांच्या घरी सगळे हसायचे आणि आपल्याकडे कुणी हसायचं नाही. मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय."

ताई घरच्या शिलाई मशीनजवळ बसली होती. ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात. माझ्या हातून पोर पडली म्हणून हसणं-बोलणं सोडलंत."

"तुझ्यावर?" भावजी म्हणाले. "अगं, तुझ्यावर?"

एकतीस वर्षं एका छपराखाली राहून दोघांनी हे एकमेकांना विचारलं नव्हतं. मला दोघांनाही बदडावंसं वाटलं आणि दोघांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

भावजी उठून तिच्याकडे जायला निघाले. पण सहा गाद्यांच्या ढिगातून सत्तरीच्या गुडघ्यांना उठता येतं का? ते अर्धे उठले आणि परत रुतले. पुन्हा उठले, पुन्हा रुतले. मी हात दिला, ओढलं, तर मीच त्यांच्या अंगावर. "अहो, पाय काढा!" "कुठला? हा माझा नाही, तुझा आहे!" आणि आम्हाला सोडवायला आलेली ताई हसली. तिचा जबडा सुटला, मान गेली, आणि ती आमच्यावर येऊन पडली.

तिचं तोंड भावजींच्या तोंडासमोर होतं. ते तिला म्हणाले, "बरं झालं आलीस, इथं एकट्याला करमत नव्हतं." ती अजून सैलच होती, पण डोळ्यांतून पाणी आलं. जराशी सावरली तर ते पुन्हा काहीतरी बोलले, आणि ती पुन्हा गेली. असं सलग चार वेळा. मी ओरडले, "पुरे करा, जीव घ्याल तिचा!" भाची वही घेऊन बसली होती. "कशामुळे, या रकान्यात काय लिहू?"

ताईला बोलता यायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "बाबा लिही."

उरलेल्या दिवसांत त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बाबाच होते. शेवटच्या आठवड्यात अकरा नोंदी झाल्या आणि ताईला चाचणीत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की काहींना खरी गोळी मिळते, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि कुणाला कोणती, हे त्यांनाही कळत नाही. दारातून बाहेर पडताना भावजी आम्हाला म्हणाले, "आता कुणी गप्प बसायचं नाही. आकडा उतरला तर गोळीनं उतरला पाहिजे, आपल्या मुकेपणानं नाही."

आणि घरात एवढा कलकलाट सुरू झाला, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या. आठवड्याचा आकडा अकराचा नऊ झाला, मग सहा, मग दोन. सातव्या आठवड्यात ताईनं मला लाँड्रीतून दुपारी फोन केला. मी घाबरले. ती म्हणाली, "अगं, तीन वाजलेत आणि मला झोप नाही आली. लोक तीन वाजता काय करतात?" "चहा घेतात," मी म्हटलं, आणि फोन ठेवून मीही चहाचं आधण ठेवलं.

तिला मिळालेली गोळी खरी होती की नुसतीच, ते आम्हाला आजही माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, घाई करू नका, एवढ्यात काही गृहीत धरू नका. त्यामुळे पुढचं त्यांना सांगितलेलं नाही.

नवव्या आठवड्यात भाचीला मुलगी झाली. चौथ्या दिवशी तिला घरी आणलं. ताई सवयीनं भिंतीला टेकून, पाय पसरून मांडी तयार करून बसली. भाची म्हणाली, "आई, उभी राहा."

ताई उभी राहिली. भाचीनं बाळ तिच्या हातांत दिलं. मी तिच्या हातांखाली माझे हात धरले, दोन्ही, पसरून. आणि खोलीत एकदम कुणी बोलेना. भावजींनी ओठ घट्ट मिटले.

"का गप्प झालात सगळे?" ताई म्हणाली. "अहो, बोला ना काहीतरी."

भावजींनी लेकीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. त्यांनी वाकून बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही मावशीआजीवर गेलीय. आल्यापासून ओरडतेय."

ताई हसली. मोठ्यानं, मान मागे टाकून. मी हातांवर वजन यायची वाट बघितली. वजन आलं नाही. ताईचे गुडघे तसेच ताठ, हात तसेच घट्ट, आणि ती अजून हसतच होती.

"हात काढ तुझे," ती मला म्हणाली.

मी काढले.