दिवाळीनंतरचं वाचनालय

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर वाचनालय चालवायला मी गेले, तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. नाशिकच्या एका संस्थेनं पाठवलं होतं. पंचवटीतल्या आमच्या घरी खिडकीतून हात काढला की समोरच्यांच्या भिंतीला लागायचा. इथं हाक मारली तर ऐकायला समोर नुसती टेकडी.

मुलं मात्र होती. शाळा सुटली की थेट माझ्या खोलीत. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटायची, म्हणून मी आधी त्यांच्या बोलीतल्या गोष्टी ऐकायचे आणि मग त्यांनाच लिहायला लावायचे. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सगळ्यांत पुढं. ओहोळातले खेकडे कसे धरायचे, यावर तिनं पाटीभर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

भात, नागली घरात आली, दिवाळी झाली आणि एका सकाळी पाड्यावर जीपा येऊन उभ्या राहिल्या. भांडी, गोधड्या, कोंबड्या, मुलं, सगळं आत. माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं निघाली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. दर वर्षीचंच ते, त्यात सांगायचं काय?

तरी मी रोज संध्याकाळी कुलूप काढायचे, सतरंजी अंथरायचे. शेजारची म्हातारी उंबऱ्यावर येऊन बसायची.

"पोरं नाय, तर कोणासाठी उघडते गं?"

"तुझ्यासाठी."

ती हसायची आणि दिवेलागणीआधी घरी जायची. मग मी एकटीच मोठ्यानं वाचत बसायचे. स्वतःचा आवाज नकोसा झाला की पुस्तक मिटायचे.

शेवटी पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं भरून मीही जीपमध्ये बसले. विचारत विचारत गेले. एका बागेच्या कडेला, पालाच्या सावलीत ती मुलगी दिसली. कडेवर धाकटा भाऊ.

"बाई, तू इथं कशी?"

"पुस्तकं आणलीत."

"तिकडं कोण येतं आता?"

"कोणी नाही."

तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग तुला करमत नसंल."

हे तोवर कुणी ओळखलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा. मी पिशवी तिच्यापुढं केली.

होळीला माणसं परतली. मुलं धावत आली आणि आधी कुणी वाचायचं यावरून भांडू लागली. अडखळणारी पोरं घडाघडा वाचत होती.

"ती बागेवर दुपारच्या सुट्टीत आमच्याकडून वाचून घ्यायची," एकानं सांगितलं. "अडलं का आपल्या बोलीत सांगायची."

ती खेकड्यांवर लिहिणारी मुलगी स्वतः आली नव्हती. तिच्या घरच्यांना मालकानं बागेवर ठेवून घेतलं होतं. पावसाळ्याआधी मी पुन्हा तिकडं गेले, तर ते दुसरीकडं कामाला गेलेले. कुठं, ते मालकालाही ठाऊक नव्हतं.

पुढं बरीच वर्षं मी त्या पाड्यावर होते. दिवाळीनंतर मुलांबरोबर पुस्तकं धाडायची रीतच पडली. जीपा निघाल्या की कपाट रिकामं व्हायचं. मी तेवढी मागं राहायचे.